बंद व्हायला ११ मिनिटं

लॅपटॉप बंद करायला वेळ किती लागावा? माझ्या मते झाकण पाडायला लागतो तेवढाच. आत आयटूपी चालू असेल तर ११ मिनिटं.

आयटूपी म्हणजे २००३ पासून चालत आलेलं, नाव-गाव न सांगता बोलायचं जाळं. ते समजायला स्लॅब पडतानाची रांग आठवा. घमेलं या हातातून त्या हातात. मधल्या गड्याला फक्त आधीचा आणि पुढचा ठाऊक. माल कुठून निघाला, कुठे ओतला जाणार, देव जाणे. इथली घमेली कुलूपबंद असतात आणि जायची रांग निराळी, यायची निराळी, एवढाच फरक. एका रांगेला बोगदा म्हणतात आणि त्यात सहसा ३ गडी. जाताना माझे तीन आणि समोरच्याचे तीन, येताना पुन्हा तेवढेच. एक पान उघडताना बारा वाजतात ते असे.

पण आपण नुसते गिऱ्हाईक नसतो. मी माझं पान वाचत असताना माझा लॅपटॉप कुण्या अनोळखी माणसाची घमेली वाहत असतो. मूळ सेटिंगमध्ये ठरवून दिलेल्या बॅन्डविड्थपैकी ८० टक्क्यांपर्यंत या वेठीला! प्रत्येक बोगद्याचं आयुष्य १० मिनिटं. म्हणून कन्सोलवर, म्हणजे ब्राउझरात उघडणाऱ्या आयटूपीच्या पानावर, ‘शटडाउन’ दाबलं की राउटर (वायफायचा डबा नव्हे, लॅपटॉपवरचा आयटूपीचा प्रोग्रॅम) नवी रांग धरत नाही, पण हातातली रांग संपेपर्यंत जागचा हलतही नाही. परका बोगदा एकही नसेल तर लगेच सुटका होते. ज्या दिवशी शेवटची लोकल गाठायची असते त्या दिवशी मात्र ते हमखास असतात.

शेजारीच ‘ताबडतोब बंद करा’ असं बटण असतं. ते दाबलं की घमेलं कुणाच्या तरी पायावर पडतं, आणि कुणाच्या ते कधीच कळत नाही. इथे मुकादम नाही, पण प्रत्येक राउटर आपापल्या वहीत कोण टिकतो, कोण पळतो हे टिपून ठेवतो. टर्मिनलवाल्यांनीही, म्हणजे हुकूम टाइप करून राउटर चालवणाऱ्यांनीही, ‘स्टॉप’ सोडून ‘ग्रेसफुल’ म्हणावं.

झाकण पाडणं तर त्याहून वाईट. लॅपटॉप झोपतो, बोगदे मरतात आणि जाग आल्यावर घड्याळाने भलतीच उडी मारलेली पाहून राउटर गोंधळून स्वतःला नव्याने सुरू करतो. वेळेच्या बाबतीत ही मंडळी फार सोवळी: घड्याळ मिनिटभराहून जास्त चुकलं की समोरचे दारात उभं करत नाहीत. तेव्हा पॉवर सेटिंगमध्ये ‘झाकण मिटल्यावर काहीही करू नका’ निवडा आणि घड्याळ इंटरनेटवरून आपोआप जुळू द्या. वीज गेली तर इलाज नाही. लॅपटॉपला बॅटरी असते, वायफायच्या डब्याला नसते.

माझा क्रम ठरलेला आहे. आधी शटडाउन, मग चहाचं आधण, आलं किसायचं तेही सावकाश. मधेच ‘एक पान राहिलं’ म्हणून ‘शटडाउन रद्द’ दाबायचं नाही. राउटर पुन्हा नव्या रांगा धरू लागतो आणि ११ मिनिटं पहिल्यापासून.

चहा गाळून झाला की १२७.०.०.१ चं ७६५७ वरचं पान, म्हणजे तोच कन्सोल, ताजं करायचं. ब्राउझर म्हणतो, जोडणी होऊ शकत नाही. एरवी या ओळीने कपाळाला आठ्या पडतात. आता झाकण पाडायचं.