नागमोडी : दुरून दिसणारी वाट

गेली काही वर्षे मी कथा-कादंबऱ्यांची मुद्रिते तपासते आहे आणि या कामात एक शब्द मला वारंवार थांबवतो, तो म्हणजे 'नागमोडी'. घाट आला की तो नागमोडी असतो, पायवाट आली की तीही नागमोडी असते, आणि अलीकडे तर सदाशिव पेठेतला एक बोळसुद्धा नागमोडी झालेला मी वाचला. हा शब्द मला फार प्रिय आहे, आणि म्हणूनच तो असा सरसकट वापरलेला पाहून मनाला लागते.

यातला 'मोड' मोडण्याचा, म्हणजे वाकण्याचा, दिशा पालटण्याचा आहे. मोडी लिपीचे नावही सामान्यतः याच मोडण्याशी जोडले जाते. नागाच्या चालीत मात्र एकच बाक नसतो. डावीकडचा बाक जिथे संपतो तिथूनच उजवीकडचा सुरू होतो आणि दोन्ही मिळून एक लय तयार होते. म्हणून एकदाच काटकोनात वळून वाड्याच्या मागच्या दाराशी संपणारा पेठेतला बोळ नागमोडी नव्हे. त्याला बोळ म्हणावे, तेवढे पुरते.

पण माझे खरे म्हणणे याहून थोडे निराळे आहे. नागमोडी हा दुरून पाहणाऱ्याचा शब्द आहे. चालणाऱ्याचा शब्द 'वळण'. शाळेतल्या भूगोलात नदीची नागमोडी वळणे आपण शिकलो, तेव्हा नकाशा डोळ्यांसमोर होता. वळणाच्या बाहेरच्या काठाला पाणी जोराने घासते, आतल्या काठाशी गाळ साचतो, बाक वाढत जातो, शेवटी नदी मधली अरुंद मान कापून सरळ निघते आणि मागे नालाकृती सरोवर उरते. हे सगळे वरून दिसते. काठावर उभ्या असलेल्या माणसाला फक्त समोरून येणारे आणि पुढे दिसेनासे होणारे पाणी दिसते.

मला हे दिवे घाटात उमगले. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्याचा मुक्काम आटोपून सासवडला निघते, रथाला जादा बैलजोड्या जुंपल्या जातात आणि घाट माणसांनी भरून जातो. एका वर्षी मी माथ्यावर उभी राहून तो पाहिला. भगव्या पताकांची ती रेघ डोंगराच्या अंगावरून डावीउजवीकडे वळत वर येत होती, आणि तिला नागमोडीखेरीज दुसरा शब्द शोभला नसता. पुढच्या वर्षी मी स्वतः दिंडीबरोबर तोच घाट चढले. तेव्हा दिसली ती पुढच्या बाईच्या डोक्यावरची तुळस, तिच्या पाठीवर घामाने चिकटलेले लुगडे, आणि कानांत टाळ. घाट तोच होता. नागमोडी मात्र एकदाही मनात आले नाही. पायांना ठाऊक होते ते एवढेच, की अजून एक वळण आहे.

पाहणाऱ्याची जागा बदलली की वाकडेपणाचा अर्थ बदलतो, हे चोखोबांनी चौदाव्या शतकातच सांगून ठेवले आहे. 'ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा' हा चरण आपण सगळेच म्हणतो, पण त्याच अभंगात नदी डोंगी असली तरी जळ डोंगे नव्हे, असेही ते म्हणतात. डोंगा म्हणजे वाकडा. नदीचा बाक वरून पाहणाऱ्याला दिसतो. पाण्याला त्याचे भान नसते, ते फक्त उताराकडे जात असते. पुढे काय आहे हे न दिसता माणसाला चालवत नेणे कथेला साधते, आणि तिथे वरून टाकलेला एक नागमोडी शब्द वाचकाला नकळत डोंगरमाथ्यावर नेऊन बसवतो. नायकाच्या छातीतली धाप मग त्याला ऐकू येत नाही.

गेल्या महिन्यात एका हस्तलिखितात वाक्य होते, 'तो धापा टाकत नागमोडी वाटेने चढत होता.' मी समासात पेन्सिलीने एवढेच विचारले, 'ही वाट कोण पाहते आहे?' आठवड्याने पान परत आले. लेखिकेने वाक्य खोडून नवे लिहिले होते, 'पुढच्या वळणावर करवंदीची जाळी होती. तिच्या पलीकडची वाट त्याला दिसत नव्हती.'