मोॲबचं गायरान आणि आप्पांचा प्रश्न

मागच्या आठवड्यात इथल्या आपल्या मंडळाच्या ग्रुपवर एक मेसेज फिरला. अमेरिकेच्या यूटा राज्यातल्या मोॲबच्या वाळवंटातले रस्ते सरकारने बंद केले, सामान्य माणसाने आता फिरायचं कुठे, खाली सही करा. वाद 2023 पासूनचा आहे, पण तो पुन्हा पुन्हा वर येतो. बऱ्याच जणांनी सही केली. मी केली नाही. का नाही केली, असं दोघा-तिघांनी विचारलं, आणि ते चार ओळींत सांगता येईना, म्हणून इथे लिहितेय. लांबेल. वेळ काढून वाचा.

मी मूळची नान्नजजवळची, उत्तर सोलापूर तालुक्यातली. आमच्याकडे माळ म्हणजे काय ते लहानपणापासून बघितलंय. कुसळी गवत, खडकाळ मुरूम, मेंढरं, लांडगा, आणि नशीब असेल तर माळढोक. 1979 साली तिथे माळढोकचं अभयारण्य झालं, पण तोवर आणि त्यानंतरही त्या माळाला कागदोपत्री शब्द एकच होता, पडीक. पडीक म्हटलं की त्यावर काहीही करायला मोकळीक. खड्डे काढा, झाडं लावा, प्लॉट पाडा. आज तिथे माळढोक दिसणं जवळपास संपलंय. हे सगळं मोॲबच्या गोष्टीत का आणतेय ते पुढे कळेल.

गेली अकरा वर्षं मी सॉल्ट लेक सिटीला राहते. मोॲब इथून गाडीने चार तासांवर. पाचेक हजार वस्तीचं गाव, पण जग तिथे येतं. बहुतेक लोक येतात ते आर्चेस आणि कॅनियनलँड्स या दोन राष्ट्रीय उद्यानांसाठी. 2021 मध्ये एकट्या आर्चेसला 18 लाख लोक आले, आणि पुढच्या वर्षी तिथे आत जायला वेळेचं तिकीट लावावं लागलं. पण गावाभोवतीचा सगळ्यात मोठा मोकळा पसारा उद्यानांचा नाहीच. तो बीएलएमचा, म्हणजे ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या केंद्रीय खात्याचा. तिथे फाटक नाही, बऱ्याच ठिकाणी तिकीट नाही. वाट धरायची आणि चालायला लागायचं.

दोन वर्षांपूर्वी आप्पा आले होते. आप्पा निवृत्त तलाठी, वय 74. त्यांना घेऊन आम्ही जेमिनी ब्रिजेसच्या बाजूला गेलो. शेजारी शेजारी दोन नैसर्गिक दगडी पूल आहेत, जुळे म्हणून ते नाव. आप्पा काठापासून जरा लांब उभे राहिले, दूरवर बघितलं, आणि पहिला प्रश्न विचारला, "अगं, सातबारा कुणाच्या नावावर आहे याचा?"

मी म्हटलं, "सरकारच्या, आप्पा. म्हणजे सगळ्यांच्या."

"मग गायरान म्हण की. आणि वहिवाट कुणाची?"

मी अकरा वर्षांत या जमिनीबद्दल पुष्कळ वाचलं होतं, पण इतका नेमका प्रश्न मला कधी सुचला नव्हता.

गायरानच आहे ते. 1812 साली इथे सरकारी जमीन वाटण्यासाठी एक खातं काढलं. रेल्वेला दिली, शेतकऱ्यांना दिली, खाणवाल्यांना दिली. जिथे पाणी होतं ते सगळं उचललं गेलं. जिथे पाणी नव्हतं, ते कुणी घेतलं नाही, फुकट देऊनसुद्धा. ते उरलं. 1946 मध्ये ते जुनं खातं आणि चराईचं खातं एकत्र करून बीएलएम झालं, आणि 1976 च्या कायद्याने ठरलं की ही जमीन आता वाटायची नाही, सरकारकडेच राखायची, आणि तिथे गुरं, खाण, शिकार, फिरणं, सगळ्याला जागा द्यायची. आज बीएलएमकडे सुमारे 24.5 कोटी एकर आहे. आपल्या महाराष्ट्राच्या तिप्पट. एकट्या यूटा राज्याची चाळीस टक्क्यांहून जास्त जमीन त्यांची.

(उरली म्हणताना एक गोष्ट विसरू नये. ती रिकामी नव्हती. यूट, पायूट, नाव्हाहो, होपी या लोकांची होती, आणि त्यांच्याकडून घेतली गेली. मोॲबजवळच्या खडकांवर त्यांच्या पूर्वजांनी कोरलेली चित्रं आहेत. 2021 मध्ये त्यातल्या एका जुन्या शिळेवर कुणीतरी वंशद्वेषाची अक्षरं खरडली. मी ती शिळा आधी बघितलेली होती. बातमी वाचून त्या दिवशी जेवण गेलं नाही.)

आता वहिवाट. मोॲबभोवती मातीचे जे असंख्य रस्ते दिसतात, ते फिरणाऱ्यांसाठी कुणी आखलेले नाहीत. 1952 साली चार्ली स्टीन नावाच्या भूशास्त्रज्ञाला मोॲबच्या दक्षिणेला युरेनियम सापडलं आणि झुंबड उडाली. लोक बुलडोझर घेऊन आले आणि जिथे वाटेल तिथे चर मारत गेले. खनिज मिळालं नाही की तो रस्ता तिथेच सोडून पुढचा. तेल शोधणाऱ्यांनी आणखी भर घातली. त्या ओरखड्यांवरून मग जीपवाले फिरायला लागले. 1967 पासून तिथे दरवर्षी ईस्टरला जीपचा मोठा मेळा भरतो. वहिवाट झाली. वर 1866 चा एक खाण कायदा होता, सरकारी जमिनीवरून रस्त्याचा हक्क देणारा. तो 1976 ला रद्द झाला, पण जुने हक्क शाबूत ठेवले गेले, आणि त्याच्या आधारावर यूटा राज्याने हजारो रस्त्यांवर कोर्टात दावा लावलाय. आप्पांना हे सांगितलं तर म्हणाले, पाणंदीचं भांडण आहे हे, आयुष्यभर तेच मिटवलं.

पण पाणंद दोन शेतांमधून जाते आणि गावाला कुठेतरी पोचवते. इथले कितीतरी रस्ते कुठेच पोचत नाहीत. एकाच घळीच्या तोंडाशी जायला तीन-तीन समांतर चाकोऱ्या आहेत. 2023 च्या सप्टेंबरात बीएलएमने लॅबिरिंथ कॅनियन आणि जेमिनी ब्रिजेस या भागातले 317 मैल रस्ते गाड्यांसाठी बंद करायचं ठरवलं, ते यातले. आणि खुले किती ठेवले? आठशे मैलांहून जास्त. हा आकडा त्या मेसेजमध्ये नव्हता. बंद झालं ते गाडीला. चालत जायला त्या जमिनीवर कुणी अडवत नाही.

मी बंदच्या बाजूने का, ते सांगायचं तर आमच्याच एका सहलीबद्दल सांगायला हवं.

इथे आल्यावर दुसऱ्याच वर्षी आम्ही पाच कुटुंबं मोॲबला गेलो होतो. तिथे चार चाकांच्या उघड्या गाड्या भाड्याने मिळतात, खडकावर चढणाऱ्या. ज्या दुकानातून घेतल्या तिथल्या माणसाने हेल्मेट दिली, ब्रेक दाखवला, आणि हात लांब करून म्हणाला, जा कुठेही, वाळूच आहे सगळी. आम्ही गेलो. आदल्या रात्री पाऊस झाला होता, रस्त्यावर डबकं होतं. पहिली गाडी डबकं चुकवायला बाजूने गेली, दुसरी तिच्याही बाजूने, तिसरी अजून बाहेरून. पोरं उतरून फोटोसाठी आत पळाली. करकर आवाज येत होता पायाखाली, पापडावर पाय पडावा तसा. पोरांना त्या आवाजाचीच गंमत वाटली.

थोड्या वेळाने एक म्हातारी बाई चालत आली, पाठीवर पिशवी, हातात काठी. ती रागावली नाही. तिने आम्हाला खाली बसवलं, अक्षरशः गुडघ्यांवर, आणि आम्ही जिथे गेलो नव्हतो तिथली जमीन दाखवली. काळी, खडबडीत, बोटाच्या पेरभर उंचीचे असंख्य छोटे मनोरे, जळलेल्या भाकरीच्या पोपड्यासारखे. तिने बाटलीतलं थोडं पाणी त्यावर शिंपडलं. काही मिनिटांत तो काळा रंग हिरवट झाला, आणि जमीन फुगली. आमच्यासमोर. पोरं गप्प झाली.

ते जिवंत कवच आहे. सायनोबॅक्टेरिया, दगडफूल, शेवाळ, बुरशी यांचं. सायनोबॅक्टेरियाचे धागे ओले झाले की वाळूतून सरकतात आणि मागे चिकट खोळ सोडत जातात. त्या खोळींनी वाळूचा कण न् कण शिवला जातो. ते कवच हवेतला नायट्रोजन जमिनीला देतं, पाणी धरतं, आणि मुख्य म्हणजे वाऱ्याला वाळू उडवू देत नाही. गवताचं बी तिथे रुजतं. हे मोडलं की वरचा पातळ थर काही वर्षांत परत धरतो, पण शेवाळ आणि दगडफुलासकट ते पुन्हा पूर्ण व्हायला कित्येक दशकं लागतात, कोरड्या जागी त्याहूनही जास्त. आमच्या तीन गाड्यांनी आणि सात पोरांनी ते पाच मिनिटांत मोडलं.

मला त्या क्षणी नान्नजचा माळ आठवला. तिथेही बाहेरचा माणूस येऊन म्हणायचा, काय आहे इथे, नुसतं गवत. इथेही तेच. वाळूच आहे सगळी. जे आपल्याला वाचता येत नाही त्याला आपण रिकामं म्हणतो, आणि मग त्याच्यावरून चाक नेताना हात थरथरत नाही.

शिवाय ही धूळ मोॲबलाच राहत नाही. वसंतात वारा सुटला की ती उडून पूर्वेला कोलोरॅडोच्या डोंगरांवर, बर्फावर जाऊन बसते. पांढरं बर्फ ऊन परतवतं, तपकिरी झालं की ऊन शोषतं, आणि कित्येक आठवडे आधी वितळतं. ते बर्फ म्हणजे कोलोरॅडो नदीचं पाणी, आणि त्या नदीवर सुमारे चार कोटी माणसं जगतात. सगळी धूळ गाड्यांची नाही. गुरं, नांगरट, दुष्काळ, सगळ्यांचा वाटा आहे. पण आपला वाटा आपल्या हातात आहे.

बंदच्या विरोधात एक म्हणणं मात्र मला मनापासून पटतं, आणि ते बाजूला सारून पुढे जाणार नाही. ज्याचे गुडघे गेलेत, जो चालू शकत नाही, त्याने तो कडा कसा बघायचा? आप्पा जेमिनी ब्रिजेसपर्यंत पोचले ते गाडीमुळेच. चालत त्यांना जमलं नसतं. म्हणून मुख्य रस्ते खुले राहिलेच पाहिजेत, आणि ते नीट राखले पाहिजेत. पण एकाच कड्याकडे चार रस्ते खुले ठेवून आप्पांना चौपट कडा दिसत नाही. चौथा रस्ता रानमेंढ्यांच्या कुरणातून जातो. त्यांची माद्या-पिल्लं गाडीचा आवाज आला की पाण्यापासून पळतात.

आणि हा नियम काही आत्ताचा नाही. 1972 साली निक्सन राष्ट्राध्यक्ष असताना त्यांनी आदेश काढला होता की सरकारी जमिनीवर गाड्या कुठे जातील आणि कुठे नाही हे प्रत्येक खात्याने ठरवावं, माती, प्राणी आणि इतर फिरणाऱ्या लोकांना कमीत कमी त्रास होईल असं बघून. पन्नास वर्षं झाली. झाली ती घाई नाही, उशीर आहे.

वाट कशी असावी याचा मोॲबमधलाच नमुना म्हणजे स्लिकरॉकची वाट. 1969 मध्ये मोटारसायकलींसाठी आखली, आता जगभरातून सायकलवाले येतात. सुमारे दहा मैल, जवळपास सगळी उघड्या खडकावरून. खडकावर पायवाट उमटत नाही, म्हणून पांढऱ्या रंगाचे छोटे पट्टे मारलेत, एकापुढे एक. माझी लेक त्यावरून लंगडी घालत गेली होती. पट्ट्यांच्या दोन्ही बाजूंना खडकात खळगे आहेत, पावसाचं पाणी साठलेले, आणि त्यात छोटे कोळंबीसारखे जीव पोहत असतात. त्यांची अंडी वर्षानुवर्षं कोरड्या मातीत टिकून राहतात. पांढऱ्या पट्ट्यावर राहिलं तर त्यांना काही होत नाही. हजारो माणसं जातात आणि तरी काही होत नाही, कारण वाट एक आहे. 2020 च्या सुरुवातीला याच वाटेखालची जमीन तेल आणि वायूसाठी भाड्याने द्यायचा प्रस्ताव आला होता. गाव उठलं, आणि तो मागे घेतला गेला.

मग 2025 चा जून. यूटाच्याच सिनेटरने अर्थसंकल्पाच्या विधेयकात कलम घातलं की पश्चिमेच्या राज्यांतली वीस-तीस लाख एकर सरकारी जमीन विकायची. तेव्हा विरोध करायला लोकप्रतिनिधींना फोन करणाऱ्यांत चालणारे होते, सायकलवाले होते, शिकारी होते, जीपवालेही होते. मीही केला, ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत, लाइन लागेपर्यंत पाच-सहा वेळा. महिनाअखेरीला ते कलम काढलं गेलं. ज्या जीपवाल्यांशी आज मी रस्त्यांवरून भांडतेय, त्यांच्यामुळेही ते निघालं, हे मी मानते. गायरान विकायला निघाल्यावर गाव एक होतं. ते विकलं जात नसताना, रोजच्या वापरात त्याचं काय होतं, तिथे मात्र आपण एकमेकांकडे बोट दाखवतो. आमच्या गावचं गायरानही कुणी एका दिवसात खाल्लं नाही. प्रत्येकाने बांध हातभर सरकवला. आप्पांनी पंचनामे केले, आणि पुढच्या पावसाळ्यात बांध पुन्हा सरकलेला असायचा.

तर मी सही करणार नाही. मंडळाच्या मार्चच्या सहलीची जबाबदारी माझ्याकडे आहे, म्हणून हेही आत्ताच सांगते. भाड्याच्या गाड्या यंदा घ्यायच्या नाहीत. आपल्या गाड्या फक्त नकाशात खुल्या दाखवलेल्या रस्त्यावर, डबकं आलं तर डबक्यातून, आणि ते खोल वाटलं तर मागे वळायचं. पाणी माणशी दिवसाला चार लिटर, बरोबर घेऊनच निघायचं, वाटेत मिळणार नाही. शौचाच्या बंद पिशव्या मी सगळ्यांसाठी आणतेय, त्या भरून परत आणायच्या आहेत, याला लाजू नका. खळग्यातल्या पाण्यात हात घालायचे नाहीत, अंगाला क्रीम लावलेलं असतं. पोरांसाठी मी एक स्प्रेची बाटली घेणार आहे. आधी ती काळी जमीन त्यांना दाखवू, वाटेवर बसून, आणि मग चालायला निघू. आप्पा फेब्रुवारीत येतायत. त्यांना पुढच्या गाडीत, खिडकीची जागा.