संत्र्याच्या बुंध्याला पाणी पाजण्याची कला

वरुड-मोर्शीकडची काळी, चिकट जमीन वाट्याला आली असेल तर अर्धं काम देवानेच करून ठेवलंय. उरलेलं अर्धं तुम्ही करायचं.

सुरुवात रोपापासून. कलम घेताना खुंट (खालचं मुळाचं झाड) जंभेरीचा की रंगपूर लाईमचा, जोड (खुंटावर कलम बांधलेली जागा) किती उंचीवर, असल्या चौकशा करू नका. रोपवाल्याला वाईट वाटतं. दहा रुपयांनी स्वस्त मिळतंय ना, मग उचला. पिशवीतल्या मातीसोबत फायटोफ्थोरा, म्हणजे मुळं आणि बुंधा कुजवणारा रोगजंतू, फुकटात घरी येतो. लावताना जोड चांगला मातीआड करा. जमिनीपासून नऊ इंच वर राहिलेला जोड उघडा-बोडका दिसतो, चारचौघांत बरं नाही.

मग पाणी. ठिबक कंजूषांसाठी. दुहेरी आळ्यात तर पाणी बाहेरच्या कड्यात फिरतं आणि बुंधा कोरडा राहतो. लेकराला ताटापासून दूर बसवल्यासारखंच ते. आपण दांड फोडायचा आणि एका बुंध्यावरून दुसऱ्या बुंध्यावर असं ओळीच्या टोकापर्यंत पाणी सोडायचं. फायटोफ्थोराच्या बीजाणूंना दोन शेपट्या असतात. मुळांतून झिरपणाऱ्या रसाचा माग काढत ते पाण्यातून पोहत जातात. एवढ्या मोठ्या वावरात बिचाऱ्यांना पायी हिंडायला लावणार का?

थोड्याच दिवसांत बुंध्यावर डिंकाचे मधाळ थेंब दिसतील. साल नखाने खरवडली तर आत तपकिरी, ओला चट्टा असतो. खरवडू नका. माती उकरून तंतुमुळं चिमटीत धरून ओढली तर वरची साल बाहीसारखी निसटून येते आणि मागे नुसता दोरा उरतो. हे तर मुळीच बघू नका. मी एकदा बघितलं, त्या रात्री घास उतरला नाही. पानं पिवळी पडली की 'खत कमी पडतंय' म्हणायचं, मूठभर युरिया फेकायचा आणि वरून आणखी एक पाणी द्यायचं.

तरी चैन पडत नसेल तर कृषी केंद्रात जाऊन 'बुरशीचं औषध' मागा. कार्बेन्डाझिम मिळेल. फायटोफ्थोरा ही खरी बुरशी नाही, तिचं गोत समुद्रातल्या तपकिरी शेवाळाचं. त्यामुळे कार्बेन्डाझिम तिला गंगाजळासारखं. 1876 मध्ये डी बारी या जर्मन शास्त्रज्ञाने नाव ठेवतानाच 'वनस्पतींचा नाश करणारी' असं ग्रीकमध्ये सांगून टाकलं होतं, पण डब्यावरचं मराठी वाचायला जिथे वेळ नाही तिथे ग्रीक कोण वाचणार!

बोर्डोमलमाची गोष्ट निराळी. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी, पावसाळ्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा. फ्रान्सात बोर्डोकडे लोकांनी द्राक्षं चोरू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुना शिंपडत. त्याच वेली केवडा रोगातून वाचल्या हे मिलार्दे या फ्रेंच शास्त्रज्ञाने हेरलं आणि 1885 मध्ये ते मिश्रण जगापुढे आणलं. तुम्हीही रस्त्याकडच्या दोनच ओळींना मलम लावा, पोळ्याच्या बैलाची शिंगं रंगवावीत तसं. येणाऱ्या-जाणाऱ्याला बाग निगुतीची वाटली म्हणजे झालं. मधल्या ओळींत कोण जातंय?

आणि आंबिया बहाराच्या (हिवाळा सरताना येणाऱ्या फुलोऱ्याच्या) ऐन भरात झाड शेंड्याकडून वाळायला लागलं की हवामानाला, सरकारला आणि शेजाऱ्याच्या नजरेला शिव्या घाला, याच क्रमाने. मग झाड उपटून धुऱ्यावर टाका आणि त्याच खड्ड्यात त्याच रोपवाल्याकडचं नवं कलम लावा. दांड फोडलेलाच आहे.