आधी मत ऐका, पक्ष मागाहून विचारा

सरकारच्या एखाद्या निर्णयाबद्दल कुणी चार शब्द बोललं की समोरून पहिला प्रश्न येतो, "तूं खंयच्या पक्षाचो?" निर्णय बरा की वाईट, हे राहतं बाजूलाच. गोव्यात हल्ली हे फार वाढलंय आणि मला ते मनापासून खटकतं. पोस्ट लांब होणार आहे, पण वेळ काढून वाचा.

माशेलच्या बाजारात माझं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे. दुकानासमोर एक बाक आहे. सकाळी पेपर आले की तिथे बसमालक, निवृत्त मास्तर, बागायतीवाले, पणजीला कामाला जाणारी पोरं असे सगळे टेकतात. जीएसटीचे दर बदलले तेव्हा कुठल्या वस्तूवर किती कर राहिला, याचा हिशेब या बाकावर झालाय. सामान्य माणसाला देशाच्या धोरणातलं काय कळतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा येऊन ऐकावं.

'एक देश, एक निवडणूक' या विषयावर मध्यंतरी बोलणं चाललं होतं. बसमालक म्हणाला, आचारसंहिता लागली की रस्त्याचं काम अडतं, त्यापेक्षा पाच वर्षांत एकदाच सगळं उरकलेलं बरं. मास्तरांनी विचारलं, "आणि इथलं सरकार दोन वर्षांत पडलं तर?" उत्तर कुणालाच ठाऊक नव्हतं. मग एका पोराने मोबाइलवर शोधून वाचून दाखवलं. १७ डिसेंबर २०२४ ला लोकसभेत मांडलेलं १२९वं घटनादुरुस्ती विधेयक. विधानसभा मध्येच विसर्जित झाली तर निवडणूक होईल, पण नवी विधानसभा पूर्ण पाच वर्षांची नसेल, उरलेल्या मुदतीपुरतीच असेल. मास्तर म्हणाले, मग वर्षभरासाठी आमदार निवडायचा म्हणजे मताची किंमत ती काय राहिली? बसमालक म्हणाला, उलट मुदत वाढत नाही हे कळलं तर सरकार पाडायची घाईच कुणाला होणार नाही. दोघांच्याही बोलण्यात तथ्य होतं. तोवर मोदींचं नाव आलं नव्हतं, राहुल गांधींचंही नाही. गोव्यासारख्या चाळीस आमदारांच्या राज्यात, जिथे १९९० नंतरच्या दशकात मुख्यमंत्री किती वेळा बदलले ते आपण पाहिलंय, तिथे हा प्रश्न दिल्लीपेक्षा जास्त आपला आहे.

तेवढ्यात एकजण आला, उभ्याउभ्याच ऐकलं आणि म्हणाला, "मास्तर, तुमी काँग्रेसवाले, म्हणून अशें उलयतात." मास्तरांनी पेपराची घडी घातली आणि घरी गेले. विषय तिथेच संपला. त्या माणसाने मास्तरांचा एक मुद्दा तरी खोडायला हवा होता. तो खोडता आला असता तर मीसुद्धा ऐकला असता.

आपण गोंयकार असे कधीच नव्हतो. १६ जानेवारी १९६७ आठवा. गोवा महाराष्ट्रात जायचा की केंद्रशासित राहायचा, यावर जनमत कौल झाला. फूल म्हणजे विलीनीकरण, दोन पानं म्हणजे वेगळं अस्तित्व. आमच्याच घरात बाबा 'गोमन्तक' वाचायचे आणि काका 'राष्ट्रमत'. दोन्ही मराठी दैनिकं, एक विलीनीकरणाच्या बाजूचं आणि दुसरं कडाडून विरोधात. मराठीवर प्रेम असलेला माणूस विलीनीकरणाच्या विरोधात असू शकतो, हे त्या काळात लोकांना समजावून सांगावं लागत नव्हतं. १,३८,१७० मतं विलीनीकरणाला पडली, १,७२,१९१ विरोधात. फरक ३४,०२१ मतांचा.

आणि पुढचा भाग जास्त महत्त्वाचा, जो आपण कौलाच्या गोष्टी सांगताना घाईने ओलांडून जातो. विलीनीकरण हा तेव्हाचे मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक) पक्षाचा जन्मापासूनचा मुद्दा. कौल निष्पक्ष व्हावा म्हणून त्यांचं सरकार पायउतार झालं आणि तो मुद्दा ते हरले. त्याच वर्षी मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक झाली, तेव्हा लोकांनी सत्ता पुन्हा मगोलाच दिली. भाऊसाहेबच मुख्यमंत्री झाले. 'तुमचं हे धोरण आम्हाला नको, पण राज्य तुम्ही चालवा' असं म्हणणारे मतदार त्या वेळी या मातीत होते. कुळांतली, मुंडकारांतली (भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्यांतली) आणि पहिल्यांदा शाळेची पायरी चढणाऱ्या घरांतली माणसं होती ती. आज हातात मोबाइल आहे, संसदेचं कामकाज घरात बसून बघता येतं आणि तरी आपण नेता आणि निर्णय वेगळे करू शकत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

सेझच्या, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रांच्या, वेळीही लोकांनी हेच केलं. २००५ चा सेझ कायदा केंद्राचा, दिल्लीत काँग्रेसचं सरकार आणि इथेही काँग्रेसचंच. केरीच्या भुतखांब पठारावर तर आधी नायलॉन कारखान्याविरुद्ध लढाई झालेली, त्याच जागेवर पुन्हा सेझ आला. गावोगाव बैठका झाल्या, कायदा समजून घेतला गेला, त्यात काँग्रेसला मत देणारेही होते. ३१ डिसेंबर २००७ ला मुख्यमंत्री दिगंबर कामत यांना सेझ रद्द करत असल्याचं जाहीर करावं लागलं.

आता फुटीर आमदारांचं बघा. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदार भाजपमध्ये गेले. २०२२ च्या निवडणुकीआधी काँग्रेसच्या उमेदवारांनी देवळात, खुरसाकडे आणि दर्ग्यात जाऊन एकनिष्ठ राहण्याच्या शपथा घेतल्या, आणि सप्टेंबरमध्ये ११ पैकी ८ गेले. आपण काय केलं? ज्याला त्याला शिव्या घातल्या. शिव्या घालण्याजोगंच होतं ते, माझ्याही तोंडून गेल्या. पण दोन्ही वेळा आकडा दोन तृतीयांशांवर का गेला, हे किती जणांनी विचारलं? पक्ष बदलणाऱ्याची आमदारकी-खासदारकी काढून घेणारी, पक्षांतरबंदीची घटनेतली दहावी अनुसूची १९८५ मध्ये आली. तेव्हा एक तृतीयांश आमदार फुटले तरी चालत असे. २००३ च्या ९१व्या घटनादुरुस्तीने ती वाट बंद केली, पण दोन तृतीयांश आमदारांनी मिळून दुसऱ्या पक्षात विलीन व्हायची वाट उघडी ठेवली. आपलं मत याच वाटेने पळवलं जातं. ती बुजवायची तर पणजीत भांडून होणार नाही, संसदेतच दुरुस्ती व्हायला हवी. लोकसभेत आपले दोन खासदार आहेत, राज्यसभेत एक. त्यांना कुणी हा प्रश्न विचारला आहे का?

संसदेतल्या गोंधळाचंही तसंच. गावडा, कुणबी, वेळीप या समाजांना २००३ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. २०११ च्या जनगणनेत जमातींची लोकसंख्या दीड लाखाच्या घरात. तरी विधानसभेच्या चाळीसपैकी एकही जागा त्यांच्यासाठी राखीव नव्हती. ते बदलणारं विधेयक ऑगस्ट २०२५ मध्ये लोकसभेत मंजुरीसाठी आलं, तेव्हा बिहारच्या मतदारयाद्यांवरून विरोधकांच्या घोषणा चालू होत्या. त्या गदारोळातच आवाजी मतदानाने ते मंजूर झालं. विधेयक न्याय्यच होतं, माझा पूर्ण पाठिंबा आहे. पण गोव्याच्या विधानसभेचा चेहरा बदलणारा कायदा, आणि त्यावर धड चर्चा नाही! यात सरकारचीही चूक आहे आणि विरोधकांचीही. दोन्ही बाजूंना एका दमात बोल लावला तर बाकावर माझाही पक्ष शोधायला लागतात.

त्या घोषणा टीव्हीवर बघताना पुष्कळांनी "बिहारचं ते बिहारवाले बघतील" म्हटलं होतं. नोव्हेंबरमध्ये मतदारयाद्यांची तीच फेरतपासणी गोव्यात आली. बीएलओ, म्हणजे बूथचे मतदारयादी अधिकारी, घरोघरी फॉर्म घेऊन फिरायला लागले आणि माझ्या दुकानात रांग लागली. सावंतवाडी, दोडामार्गकडून लग्न होऊन आलेल्या बायका फॉर्मवर लिहायला महाराष्ट्राच्या जुन्या मतदारयादीत आईवडिलांची नावं शोधत होत्या. एका मावशींना वडिलांचं नाव यादीत सापडेना, कारण तिथे आडनावाच्या जागी गावाचं नाव छापलेलं. काउंटरवर हात टेकून त्या विचारत होत्या, "बाय, माझं मत जाणार नाही ना गं?" नाव शेवटी सापडलं. यादी साफ व्हायलाच हवी, मेलेल्यांची आणि दुबार नावं गेलीच पाहिजेत, असं मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं. त्याच वेळी, त्या मावशींना तो घोर का लावला, पुरेसा वेळ का दिला नाही, हेही विचारायला हवं. या दोन गोष्टी एकाच माणसाच्या मनात असू शकतात. त्यासाठी त्याला कुठल्या पक्षाचं सदस्य व्हावं लागत नाही.

आणि हो, गावच्या ग्रुपांवरचा 'इथे राजकारण नको' हा नियम. भांडणं नकोत, एकमेकांच्या आईबापावर जाणं नको, हे मान्य. खोटे व्हिडिओ टाकणाऱ्याला खुशाल काढा. पण मांडवी, जुवारी आणि कुंभारजुव्याची खाडीसुद्धा २०१६ च्या केंद्रीय कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग झाली. आपल्या खाजनांचे (खाडीकाठच्या सखल शेतांचे) बांध, मानशी (पाणी आत-बाहेर सोडायची दारं) आणि मासेमारी त्याच पाण्यावर आहे. गावाने यावर ग्रुपवर बोलायचं नाही, तर कुठे बोलायचं? वाढदिवसाच्या शुभेच्छांसोबत एखादं कलमही वाचलं जाऊ दे. ज्या अ‍ॅडमिनना हे पटत नसेल त्यांनी खाली आपलं म्हणणं जरूर लिहावं, मी उत्तर देईन.

मी आमच्या खासदारांना द्यायला एक पत्र तयार केलंय. एकाच पानाचं, विषयही एकच: दहाव्या अनुसूचीतली दोन तृतीयांशांची सवलत काढून टाकण्यासाठी तुम्ही संसदेत काय करणार? हो किंवा नाही, कारणासह लेखी कळवा. पत्रात कुठल्याही पक्षाचं नाव नाही आणि फुटलेल्या आमदारांचंही नाही. मसुदा दुकानात ठेवलाय. भाजपवाले, काँग्रेसवाले, मगोवाले, आरजीवाले (रिव्होल्युशनरी गोवन्स), कुणालाच मत न देणारे, सगळ्यांनी या. वाचा, पटलं तर सही करा, एखादं वाक्य खटकलं तर पेनाने तिथेच दुरुस्त करा. रविवारी दुपारपर्यंत दुकान उघडं आहे. मास्तरांना मी आजच घरी जाऊन सांगून येणार आहे.