एक स्टार देणाऱ्या साहेबांना, पोलादपूरच्या गॅरेजमधून

नमस्कार साहेब,

रिव्ह्यू वाचला. "पाइपाचा तुकडा आणि चार क्लिपा लावून ९०० रुपये घेतले, चौथ्या दिवशी लोणावळ्याला जाताना होज पुन्हा फाटला, आता टर्बो बदला म्हणतात." पहिल्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. टर्बोचं, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचं, शेवटी बोलतो.

त्या रविवारी कशेडी घाट चढताना तुमच्या गाडीचा पिकअप, म्हणजे ओढ, गेला, मागे काळा धूर. गाडी आमच्याकडे आली तेव्हा इंटरकूलरच्या (टर्बोची तापलेली हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) होजवर, म्हणजे रबरी पाइपावर, तुम्ही स्वतः मारलेले चिकटपट्टीचे दहा-बारा वेढे सरकून खाली लोंबत होते. तिथं चिकटपट्टी टिकतच नाही हो. आतली हवा तापलेली, रबर तेलाने ओशट, आणि ॲक्सिलरेटर दाबला की १५-२० पीएसआय दाब. टायरमधल्या हवेच्या साधारण निम्मा म्हणा. गाडीने मोजून घेतलेली हवा फाटक्या जागेतून निसटते, डिझेल मात्र मोजलेल्या हवेच्या हिशोबाने पडतं, म्हणून तो धूर.

नवा होज पनवेलहून यायला सोमवारची दुपार झाली असती. तुम्हाला रात्रीच घर गाठायचं होतं, मुलं गाडीत झोपलेली. म्हणून फाटलेला भाग कापला, दोन्ही टोकं लोखंडी पाइपावर चढवली, दोन्हीकडे दोन-दोन क्लिपा. हे घरी पोचण्यापुरतं, साठच्या पुढे जाऊ नका, चढावर गाडी रेटू नका, उद्या होज बदला, हे मी खिडकीशी उभा राहून सांगितलं होतं. घरी तुम्ही पोचलात. मग त्याच होजवर, माणसं आणि सामान भरून, बोरघाट?

आता आमचं. तुम्ही टाकलेला होजचा फोटो मोठा करून पाहिला. नवी चीर क्लिपेच्या कडेलाच गेली आहे. तेलाने मऊ पडलेल्या रबरावर आमच्या पोराने क्लिप जास्त आवळली, पत्रा आत रुतला. ही चूक आमची. बिलावर नुसतं "होज रिपेअर" लिहिलं, "तात्पुरतं" लिहिलं नाही, तीही आमचीच. मजुरीचे ४०० रुपये परत करतो, बिलावरच्या नंबरवर फोन करा. पाइप-क्लिपांचे ५०० राहू द्या, तो माल तुमच्याकडेच आहे.

टर्बोबद्दल: होज फाटल्यावर तसंच रेटलं तर टर्बो गरजेपेक्षा जोरात फिरतो, खराब होऊ शकतो, नाही म्हणत नाही. पण पिकअप नाही आणि धूर आहे एवढ्यावरून टर्बो गेला असं ठरत नाही, फाटका होजही तेच करतो. आधी नवा होज बसवून गाडी चालवून बघा. मग टर्बोचा शाफ्ट (मधला दांडा) हाताने हलवून किती खेळतो ते, टर्बो बदला म्हणणाऱ्यांना तुमच्यासमोर दाखवायला सांगा. आणि जुना होज फेकला नसेल तर ठेवा, मला त्या पोराला दाखवायचा आहे.