'न्यूज'ला फुलफॉर्म नाही

कित्येक वर्षं एक मेसेज फिरतो आहे: 'रोजच्या इंग्रजी शब्दांचे फुलफॉर्म, जे शाळेत कुणी शिकवले नाहीत'. त्यात न्यूजपेपर म्हणजे 'नॉर्थ ईस्ट वेस्ट साउथ पास्ट अँड प्रेझेंट इव्हेंट्स रिपोर्ट'. चेस म्हणजे 'चॅरियट, हॉर्स, एलिफंट, सोल्जर्स'. कोल्ड म्हणजे 'क्रॉनिक ऑब्स्ट्रक्टिव्ह लंग डिसीज'. मग पेन, टी, ईट, डेट, एम (म्हणजे नेम), स्माइल, बाय अशी रांग लागते आणि शेवटी विनंती असते की मुलांना पाठवा, त्यांचं इंग्रजी सुधारेल.

यातला एकही शब्द असा तयार झालेला नाही. तरी मुलं हे वहीत उतरवून घेतात, वर्गातल्या फलकांवर हे रंगवलं जातं, सामान्यज्ञानाच्या स्पर्धांत विचारलंही जातं. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर द्यायला हवं.

'न्यूज' म्हणजे चार दिशा, हा यातला सगळ्यात लोकप्रिय दावा. हा शब्द 'न्यू'चं अनेकवचन आहे. नव्या गोष्टी, इतकंच. मध्ययुगीन इंग्रजीत तो फ्रेंच 'नूव्हेल'च्या धर्तीवर रुळला आणि फ्रेंचमध्येही त्या शब्दाचा अर्थ नव्या गोष्टी असाच होता. जुन्या कागदपत्रांत त्याची स्पेलिंगं वेगवेगळी सापडतात, कुठे मध्ये जादा 'ई', कुठे 'आय'. आद्याक्षरांपासून शब्द बनला असता तर अक्षरं अशी बदलली नसती. आणि दिशा सांगताना नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ असा क्रम कोण घेतं? 'पेपर' हा तर पपायरसपासून आला, इजिप्तमधल्या ज्या लव्हाळ्यापासून लिहिण्याचे पत्रे बनवत त्याचं नाव. दोन्ही शब्द आधीपासून होते, 17व्या शतकात छापील बातमीपत्रं आली तेव्हा ते जोडले गेले.

'न्यू' आणि आपलं 'नवं' एकाच मुळातून आले आहेत. 'नॉव्हेल', 'रिनोव्हेशन', 'इनोव्हेशन' हे त्याच घराण्यातले. नूतनीकरण आणि नवोपक्रम हे शब्द बातम्यांत रोज येतात. त्यांच्या शेजारी हे तीन इंग्रजी शब्द ठेवले तर मुलाला ते एका दमात कळतात. चार दिशांच्या गोष्टीतून त्याला पुढचा एकही शब्द मिळत नाही.

बुद्धिबळाचा दावा थोडा खोलात जाऊन पाहावा लागतो, कारण त्यात एक खरी गोष्ट भलत्या जागी बसवली आहे. रथ, घोडा, हत्ती आणि पायदळ ही सेनेची चार अंगं खरीच, पण ती 'चतुरंग' या आपल्या शब्दातली. तो शब्द इराणात 'चतरंग' झाला आणि अरबीत 'शतरंज'. इंग्रजी 'चेस' या वाटेने आलेलाच नाही. तो आला फारसी 'शाह', म्हणजे राजा, या शब्दावरून. राजाला धोका दिला की खेळाडू 'शाह' म्हणे. तोच शब्द अरबी, लॅटिन, जुनी फ्रेंच असा फिरत इंग्रजीत 'चेक' झाला आणि फ्रेंचमधल्या त्याच्या अनेकवचनाचा 'चेस'. मेसेजमध्ये दुसऱ्या 'एस'साठी 'सोल्जर्स'मधला अनेकवचनी 'एस' वापरावा लागतो, तिथेच जोड उघडी पडते. 'चेकमेट' म्हणजे 'शाह मात', आणि शह, काटशह, मात हे शब्द आपण मराठीत निवडणुकीच्या बातम्यांतही सर्रास वापरतो.

याचा पसारा मोठा आहे. राजाला अडवणं यावरून 'चेक' म्हणजे रोखणं, मग तपासणं, मग पैशांच्या व्यवहारात खातरजमेसाठीचा कागद, आणि तिथून बँकेचा चेक. पटावरच्या चौकटींवरून चेक्सचा शर्ट. नॉर्मन राजांच्या काळात इंग्लंडमध्ये सरकारी हिशोब चौकटींच्या कापडावर सोंगट्या मांडून होत, त्या पटावरून तिथल्या खजिन्याला 'एक्स्चेकर' नाव पडलं आणि ब्रिटनचे अर्थमंत्री आजही 'चान्सेलर ऑफ द एक्स्चेकर' म्हणवले जातात. डिसेंबर 2024मध्ये डी. गुकेश सिंगापूरला जगज्जेता झाला, जुलै 2025मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बातुमीत महिलांचा विश्वचषक जिंकला. त्या दिवशीची बातमी वर्गात वाचायला घेतली आणि 'चेकमेट'पासून सुरुवात केली, तर तासाभरात मुलं बँकेपर्यंत आणि ब्रिटनच्या अर्थसंकल्पापर्यंत पोचतात. हे सोडून घोडा आणि हत्ती पाठ करून घेणं मला मुलांवरचा अन्याय वाटतो.

'कोल्ड'चा दावा नुसता चुकीचा नाही, तो अपायकारक आहे. क्रॉनिक ऑब्स्ट्रक्टिव्ह लंग डिसीज हे एका खऱ्या आजाराचं नाव आहे, हल्ली डॉक्टर त्याला सीओपीडी म्हणतात. त्यात श्वासनलिका कायमच्या अरुंद होतात. तंबाखूचा धूर आणि बंद स्वयंपाकघरातल्या चुलीचा धूर ही त्याची मोठी कारणं. साधी सर्दी वेगळी. ती विषाणूमुळे होते आणि बहुतेकदा आठवडा-दहा दिवसांत जाते. हे दोन्ही एकच, असं डोक्यात बसलं की महिनोन्महिने दम लागणारी आजी 'सर्दीच आहे' म्हणून घरी राहते, किंवा शिंका येणाऱ्या मुलाच्या फुप्फुसाची उगाच धास्ती घेतली जाते. शब्दाचं म्हणाल तर 'कोल्ड' म्हणजे थंड, हा इंग्रजीतला जुना जर्मॅनिक शब्द आहे, जर्मनमध्ये तो 'काल्ट' आहे. थंडी बाधल्याने होतं या समजुतीने आजाराला तेच नाव पडलं. आपणही असंच केलं, 'सर्दी' हा शब्द फारसी 'सर्द' म्हणजे थंड यावरून आला आहे.

बाकीचे पटापट घेतो. 'पेन' लॅटिन 'पेन्ना'वरून, अर्थ पीस, कारण पूर्वी पिसांनी लिहीत. 'निब' हा मूळचा चोचीसाठीचा शब्द. 'टी' हा चीनच्या फुजियान किनाऱ्यावरच्या बोलीतला 'ते', डच व्यापाऱ्यांमार्फत युरोपात गेलेला. आपला 'चहा' चीनमधल्याच दुसऱ्या उच्चाराचा, 'चा'चा वंशज. 'एम' हा 'एस्टिमेट'चा भाऊ, दोघांच्या मागे लॅटिनमधलं अंदाज बांधणं, किंमत ठरवणं. 'बाय' हे 'गुडबाय'चं शेपूट आणि 'गुडबाय' म्हणजे 'गॉड बी विथ यू' हे आशीर्वचन घासून घासून झालेलं रूप, 16व्या शतकात ते लिहिलेलं सापडतं. मेसेजमध्ये 'बाय' म्हणजे 'बी विथ यू एव्हरीटाइम' असं असतं. त्यातला 'बी विथ यू' एवढा भाग कुठून तरी खरा उतरला आहे, 'एव्हरीटाइम' मात्र मागाहून चिकटवलेलं.

'डेट'वर थोडं थांबतो. रोमन लोक पत्राच्या शेवटी 'दाता' लिहीत, म्हणजे अमुक दिवशी, अमुक ठिकाणी 'दिलेलं'. त्यावरून तारखेला 'डेट'. 'डेटा' हा तोच शब्द, दिलेल्या गोष्टी. डेटाचोरीची बातमी वाचताना आठवावं की दान, दत्त, दाता यांतला 'दा' धातू आणि हा लॅटिन शब्द सख्खे आहेत. 'ईट' आणि संस्कृत 'अद्' यांचंही तसंच, ज्या 'अद्'पासून 'अन्न' झालं. 'स्माइल' आणि 'स्मित'ही त्याच नात्यातले.

इथे दुसऱ्या बाजूला घसरू नये. 'नेव्हिगेशन' हा 'नवगती'वरून इंग्रजांनी घेतला, असाही एक मेसेज आहे. तोही चूक. तो लॅटिन 'नाविस' म्हणजे जहाज यावरून आला. आपला 'नौ' त्याचा भाऊ, बाप नव्हे. भाषापंडित विल्यम जोन्सने 1786 साली कोलकात्यात एशियाटिक सोसायटीपुढे हेच मांडलं, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एका समान उगमातून आल्या असाव्यात.

आता मेसेजचा मूळ आधार पाहू, की शब्द असे आद्याक्षरं जोडूनच बनतात. काही बनतात. रडार, लेझर, नाटो, युनेस्को, इस्रो, यूपीआय हे तसेच. कोविड हा कोरोना, व्हायरस आणि डिसीज यांचे तुकडे जोडून जागतिक आरोग्य संघटनेने 11 फेब्रुवारी 2020ला जाहीर केला. पण ही पद्धत रुळली ती 20व्या शतकात, सैन्य, विज्ञान आणि मोठ्या संस्था यांच्या गरजेतून. अशा शब्दांसाठीचा 'अ‍ॅक्रोनिम' हा शब्दच 1940च्या दशकात प्रचारात आला. इंग्लंडमध्ये छापखाना आला 1476मध्ये. त्याच्याही कितीतरी आधी, बहुसंख्य माणसं निरक्षर असताना, लोक खात होते, हसत होते आणि थंडीने कुडकुडत होते. त्या क्रियांना नाव देण्यासाठी कुणी आद्याक्षरं जुळवत बसलं नव्हतं. म्हणून शब्द फार जुना असेल आणि त्याला फुलफॉर्म सांगितला जात असेल, तर तो बहुधा मागाहून रचलेला असतो.

'पण लक्षात राहायला बरं पडतं ना?' हे उत्तर नेहमी मिळतं, आणि ते मनापासून दिलेलं असतं. लक्षात ठेवण्याच्या युक्त्यांना माझा विरोध नाही. इंद्रधनुष्यासाठी आपण सगळे 'तानापिहिनिपाजा' शिकलो. पण तांबड्याला तांबडा नाव या ओळीवरून पडलं, असं कुणी शिकवलं नाही. शिवाय युक्ती अवघड गोष्टीसाठी लागते. पेन, टी, ईट, बाय हे शब्द पहिलीतल्या मुलालाही येतात. ते लक्षात ठेवायला त्याहून चौपट लांब आणि अवघड इंग्रजी वाक्य पाठ करायचं, यात इंग्रजी कुठे सुधारलं?

सुधारायचं असेल तर आजची बातमी घ्या. ऑगस्ट 2025मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर 50 टक्के टॅरिफ लावलं तेव्हा हा शब्द रोज पहिल्या पानावर होता. तो अरबी 'तारीफ'वरून इटालियन बंदरांमार्फत युरोपात गेला. मूळ अर्थ माहिती देणं, ओळख करून देणं, पुढे दरांची यादी. आपण करतो ती तारीफ आणि आपली 'मार्फत' ही त्याच अरबी धातूची. 'बजेट' म्हणजे फ्रेंचमधली छोटी चामड्याची पिशवी. 2019मध्ये निर्मला सीतारामन यांनी ब्रीफकेस सोडून लाल कापडातली वहीखात्याची बांधणी हातात घेतली, तो फोटो या शब्दासोबत दाखवावा. 'सायक्लोन' हा शब्द हेन्री पिडिंग्टन यांनी 19व्या शतकात कोलकात्यात घडवला, ग्रीक 'किक्लोस' म्हणजे वर्तुळ यावरून, आणि किक्लोस व चक्र ही एकाच मुळाची रूपं. 3 जून 2020ला 'निसर्ग' रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं तेव्हा मराठी पेपरांत 'चक्रीवादळ' आणि इंग्रजी पेपरांत 'सायक्लोन' छापलं होतं.

रोज एक बातमी आणि त्यातला एक शब्द पुरे. मेरियम-वेबस्टरच्या मोफत ऑनलाइन कोशात शब्दाचं मूळ आणि तो पहिल्यांदा कधी लिहिला गेला ते साल, दोन्ही मिळतं. फुलफॉर्मचा मेसेज आला की त्यातला एखादा शब्द तिथे मुलाकडूनच शोधून घ्यावा आणि सापडलेलं मूळ त्याच गटावर टाकावं. ज्या शाळांच्या भिंतींवर हे फुलफॉर्म रंगवले आहेत, तिथल्या मुख्याध्यापकांना पालकांनी हे दाखवावं, म्हणजे येत्या सुट्टीत फलक पुन्हा रंगवता येतील.