रायफलला दुकानात स्कोप (नेम धरायची दुर्बीण) लावून घेतला म्हणजे नेम लागला का रे?

भाच्याने काल रात्री अकराला व्हिडिओ पाठवला, वर लिहिलंय "मामा, रेंजवर जायची गरजच नाही बघ". इथे अमेरिकेत विस्कॉन्सिनचा गन डिअर सीझन, म्हणजे बंदुकीने हरणाच्या शिकारीचा हंगाम, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो, नऊच दिवस, आणि तो जवळ आला की हे असले उपदेश फिरायला लागतात. व्हिडिओवाल्याचं म्हणणं असं: दुकानात बोअर-साइट करून घ्या (म्हणजे बार न काढता स्कोप नळीच्या रेषेत आणून घ्या), २५ यार्डांवर मधोमध लागली की झालं, आणि मॅग्नम (जास्त बारूद, जास्त धक्क्याचं काडतूस) घ्या म्हणजे गोळी कुठेही लागो, हरीण जागेवर आडवं.

बोअर-साइटने गोळी निशाण्याच्या कागदावर कुठेतरी येते, बास. पुढचं बार काढूनच, तेही सीझनला नेणार त्याच काडतुसांनी.

२५ यार्डांचं अर्धं खरंय, सुरुवात मीही तिथूनच करतो. पण तिथे इंचभर डावीकडे गेलेली गोळी १०० ला चार इंच डावीकडे जाते, आणि हरणाची हृदय-फुप्फुसांची जागा सगळी मिळून आठेक इंच! काडतूस कंपन्यांचे तक्ते बघा की, .३०८ या नेहमीच्या काडतुसाची १५० ग्रेन वजनाची गोळी १०० ला झीरो केली, म्हणजे तिथे बरोबर नेमावर लागेल असा स्कोप लावला, तर २०० ला साधारण चार इंच खाली, ३०० ला फुटापेक्षा जास्त. बरं, आपल्याकडच्या झाडीत बार बहुतेक १०० च्या आतच निघतो, हे मान्य.

पण मॅग्नमचं ऐकून डोकंच फिरलं. पोटात लागलेलं हरीण पडत नाही बाबा, पळतं, कुठेतरी झुडपात तासन्‌तास तडफडत राहतं आणि आपण अंधारात बॅटरी घेऊन पानांवरचे रक्ताचे थेंब शोधत फिरायचं. वर त्या धक्क्याने नवख्याचा हात बिघडतो तो वेगळाच. गेल्या रविवारी मी गुपचूप याच्या काडतुसांत एक डमी, म्हणजे बिनबारुदाचं काडतूस, घातलं, याने चाप ओढला, नुसतं टिक झालं, आणि नळी चांगली दोन बोटं खाली गेली, डोळे घट्ट मिटलेले. साध्या .३०८ ला ही तऱ्हा! म्हणतो रायफल जड आहे.

तर आता रोज संध्याकाळी रिकाम्या रायफलीवर चाप ओढायचा, चेंबर दोनदा बघून, काडतुसं दुसऱ्या खोलीत. शनिवारी रेंजवर रायफल टेकवायला बेंच नाही, बसून आणि गुडघ्यावर, १०० यार्डांवर हरणाच्या त्या जागेऐवजी कागदी प्लेट. पाचच्या पाच प्लेटमध्ये येईपर्यंत मॅग्नमचं नाव काढू नकोस. प्लेट्स गणपतीच्या उरल्यात, मी आणतो.